दुकानाच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ घेताय? मग आधी एवढं करा

माझं कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बाजूला डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या, असली कामं. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून आजूबाजूचे दुकानदार काही अडलं की मलाच हाक मारतात, आणि गेले कित्येक महिने ही हाक एकाच गोष्टीसाठी असते, विंडोज ११. कुणाचा डेस्कटॉप रिकामा झालाय, कुणाचा बिलाचा प्रिंटर गप्प बसलाय, कुणाला राइट क्लिक केल्यावर नेहमीचं काहीच सापडत नाही, आणि जवळपास प्रत्येकजण एकच सांगतो, "काल रात्री ते अपडेटचं विचारत होतं, मी हो म्हणलं."

मी पण असंच हो म्हणलं होतं. ऐन लग्नसराईत, एप्रिलमध्ये, रात्री दुकान बंद करताना. सकाळी मशीन चालू केली तर सगळं नवं नवं छान दिसत होतं, पण ज्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर माझं सगळं काम चालतं ते उघडेना, त्याचा यूएसबी डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी चावी, मशीन ओळखायलाच तयार नाही. कागलचं एक गिऱ्हाईक ४०० पत्रिका न्यायला अकरा वाजता येणार होतं. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन दोन गल्ल्या पलीकडं मित्राच्या दुकानात जाऊन बसलो, तिथं त्याचं काम थांबवून माझं केलं, आणि पत्रिका संध्याकाळी दिल्या. ते गिऱ्हाईक काही बोललं नाही पण दिवसभर ताटकळलं, लग्नघरचा माणूस, त्याला किती कामं असतात, ते माझ्या अजून मनात आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही पण ज्यांचं पोट त्या एका मशीनवर चालतं त्यांच्यासाठी.

आधी घ्यायचं की नाही ते बघू

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचा अर्थ मशीन बंद पडली असा नाही, ती चालतीयच, फक्त सुरक्षेचे फुकटचे अपडेट यायचे थांबले, म्हणजे उद्या नवीन काही भोक सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही. ज्या मशीनवरनं तुम्ही बँकेचं, जीएसटीचं काम करता तिथं हे अंगावर येऊ शकतं. पण घाबरून आज रात्रीच बटण दाबायचं काही कारण नाही कारण घरगुती वापराच्या विंडोज १० ला सुरक्षेच्या अपडेटची एक वर्षाची जादा मुदत मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथंच एनरोल करायची लिंक दिसते, आणि आपल्या सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असे दुसरे दोन मार्ग आहेत. ही मुदत म्हणजे तयारीला मिळालेला वेळ समजा, कायमचा इलाज नव्हे.

आता कधी घ्यायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुणी सांगत नाही. आमच्या धंद्यात आषाढ आणि पितृपक्ष मोकळे, पत्रिका नसतात, तेव्हा करायचं. मार्केट यार्डातल्या अडत्यांनी गुळाच्या सीझनमध्ये, सौदे चालू असताना, मशीनला हात लावू नये. टॅक्सची कामं करणाऱ्यांनी महिन्याची ११ आणि २० तारीख सोडून, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नचे दिवस सोडून बघावं, आणि किराणा-कापड दुकानदारांनी दिवाळी. तुमच्या धंद्यात मोकळे चार दिवस कुठले ते तुम्हालाच माहिती, पण चार दिवस पाहिजेतच, एक रविवार पुरत नाही.

मशीन चालणार का ते तपासा

पहिल्यांदा विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात विनव्हर असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा, कुठलं व्हर्जन आहे ते दिसेल. मग सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट असं जा आणि सिस्टीम टाइप काय लिहिलंय ते वाचा. तिथं ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टीम असं असेल तर इथंच थांबा, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते, ३२ वरनं सरळ अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, आणि तो वेगळाच उद्योग आहे.

बाकीच्या अटी म्हणजे ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, आणि प्रोसेसर साधारण इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडीचा रायझन २००० च्या मालिकेपासून पुढचा. या झाल्या कागदावरच्या अटी. माझं स्वतःचं मत विचाराल तर ४ जीबी रॅमवर विंडोज ११ घेऊ नका, ८ तरी करून घ्या, आणि मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा मग विंडोजचं बघा. मी दोन-तीन ठिकाणी हार्डडिस्कवर टाकलेलं बघितलंय, सकाळी मशीन चालू करून चहा पिऊन आलं तरी ते गोल गोल फिरतच असतंय, आणि मग माणूस विंडोजला शिव्या देत बसतो.

हे सगळं एक एक तपासत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप उतरवून घ्या, ते एका क्लिकवर हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर का नाही तेपण सांगतं. बऱ्याच जणांना तिथं टीपीएम २.० नाही असं येतं आणि ते लगेच म्हणतात आता नवीन मशीन घ्यायला पाहिजे. थांबा की जरा. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या सांभाळून ठेवणारी छोटी सोय, आणि कितीतरी असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये ती आत असते पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. बायोसमध्ये जायला सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतल्या ॲडव्हान्स्ड स्टार्टअपमधनं जाता येतं, रिस्टार्ट झाल्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. हा शेवटचा पर्याय दिसतच नसेल तर बहुतेक तुमची मशीन जुन्या लेगसी पद्धतीने चालतीय, मग डिस्कचं पार्टिशन बदलावं लागतं, ते डेटा न पुसता होतं पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं एकट्यानं करू नये, बॅकअप घेऊन जाणकार माणसाला बसवून करून घ्यावं.

इथं एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. बायोसमध्ये हात घालायच्या आधी डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली आहे का ते बघायचं. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये टीपीएमचं काही बदललं की पुढच्या वेळी मशीन चालू करताना निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. गुजरीतल्या एका काकांचं असंच झालं, पाच वर्षांचा हिशोब त्या लॅपटॉपमध्ये, आणि ते मला विचारतात, "ही की आणि कुठली? मी तर कुठलीच की घेतली नव्हती." ती की त्यांच्या मुलाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली, लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना मुलानं आपला ईमेल टाकला होता म्हणून, तो पोरगा पुण्यात, फोनवरनं एक एक आकडा सांगत होता आणि काका थरथरत टाइप करत होते. म्हणून आधीच आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर जाऊन डिव्हाइसच्या यादीत ती की शोधा, कागदावर लिहा, कागद तिजोरीत ठेवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

आणि मशीन खरंच बसत नसेल तर? इंटरनेटवर तपासणी चुकवून ११ टाकायच्या युक्त्या भरपूर आहेत, आणि त्यानं टाकताही येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ती चालूच होत नाही. घरात पोरांच्या मशीनवर करायचं तर करा, दुकानाच्या मशीनवर नको. तिथं जादा मुदत घ्या आणि तेवढ्यात नवीन मशीनचे पैसे जमवा. जी मशीन फक्त ब्राउझर आणि ईमेलला लागते तिच्यावर लिनक्स मिंट चांगलं चालतं, पण तुमचं अकाउंटचं आणि फाँटचं सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालेल अशी आशा धरू नका.

पोटाची यादी

वही घ्या आणि लिहा, ज्याच्याशिवाय उद्या दुकान उघडता येणार नाही अशा गोष्टी कुठल्या. माझ्या यादीत फाँटचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल, डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरल, आणि मोठा लेझर प्रिंटर. अडत्याच्या यादीत अकाउंटचं सॉफ्टवेअर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टेंडर भरणाऱ्याच्या किंवा सीएच्या यादीत डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन. प्रत्येकासमोर एक प्रश्न, हे विंडोज ११ वर चालतं का. ज्या कंपनीचं आहे तिच्या साइटवर बघा, नाहीतर सरळ फोन करून विचारा, नवीन ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-डोंगल मशीनला ओळखता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर, असेल तर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, कारण अपग्रेड झाल्यावर कधी कधी नेटच चालत नाही आणि मग ड्रायव्हर उतरवायला दुसरी मशीन शोधत फिरावं लागतं.

माझ्या डोंगलचं मूळ नंतर कळलं. त्याचा ड्रायव्हर फार जुना होता, आणि विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण असतं ते असले जुने ड्रायव्हर आत घेत नाही. विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन, तिथं ते दिसतं. बंद केलं की जुना ड्रायव्हर चालतो हे खरं, पण मी ते दोनच दिवस बंद ठेवलं, नवीन ड्रायव्हर मागवला, तो टाकला आणि परत चालू केलं. ते संरक्षण कामाचं आहे, कायमचं बंद करून सोडू नका.

ज्यांच्याकडं अजून डॉसमधला जुना बिलिंगचा प्रोग्रॅम चालतोय, काळ्या स्क्रीनवरचा, त्यांनी नीट ऐका. तो जर १६ बिटचा असेल तर ६४ बिट विंडोजवर तो चालतच नाही, कुठल्याही सेटिंगने नाही, आणि ११ तर फक्त ६४ बिटच. यार्डात असे प्रोग्रॅम मी स्वतः बघितलेत, वीस वीस वर्षांचे, आणि त्यावर बसणाऱ्या दिवाणजींचा हात असा चालतो की बघत राहावं. त्यांना उगाच नवं शिकायला लावू नका. ती जुनी मशीन नेटपासून तोडून तशीच चालू ठेवा, बिलं त्यावर, आणि बँक-जीएसटी दुसऱ्या मशीनवर, तोवर नवीन सॉफ्टवेअरमध्ये खाती उतरवायचं काम सावकाश करा.

बॅकअप

दोन जागी. एक एक्स्टर्नल हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी. २०१९ ला पंचगंगेचं पाणी शहरात आलं, परत २०२१ ला आलं, तेव्हा ज्यांची मशीन आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली होती त्यांचं काय झालं ते आपण कोल्हापुरातल्या माणसांनी बघितलंय.

काय काय घ्यायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तर झालंच. पण अकाउंटच्या सॉफ्टवेअरचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हमध्ये वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, त्या सॉफ्टवेअरमधनंच बॅकअप काढा आणि दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप धरायचा नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क. आणि फाँट. सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या आत फाँट्सचं फोल्डर असतं ते सगळंच्या सगळं कॉपी करून ठेवा, शिवाजी, कृतिदेव, आणि कुठनं कुठनं गोळा केलेले पत्रिकेचे फाँट, ते परत मिळवायला महिना जातो.

अपग्रेडचा दिवस

सी ड्राइव्हमध्ये ४० जीबी तरी मोकळी ठेवा. प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह, सगळं यूएसबीचं काढून टाका, फक्त माउस आणि कीबोर्ड. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तेवढ्यापुरता काढा. डेस्कटॉप यूपीएसवर, लॅपटॉप चार्जरला, कारण मधेच लाईट गेली तर फार वाईट होतं, आणि दहा मिनिटं टिकणारा यूपीएस असून उपयोग नाही, म्हणून उन्हाळ्यातली वळिवाची दुपार टाळा, सकाळी लवकर बसा.

सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये विंडोज ११ तयार आहे असं दिसत असेल तर तिथनंच करा, ते सगळ्यात सोपं. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरनं इन्स्टॉलेशन असिस्टंट घ्या. अपग्रेड फुकट आहे, विंडोज १० चं लायसन्स खरं असेल तर नवीन की लागत नाही, त्यामुळं कुणी लायसन्सचे वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे ते विचारा. एका ठिकाणी तर माणसानं पैसे घेतले आणि सगळं पुसून क्रॅक केलेली कॉपी टाकून दिली, त्या दुकानदार ताईंचं जुनं खरं लायसन्स असून काही उपयोग झाला नाही, आणि वर तीन वर्षांचे फोटोही गेले. मशीन दुसऱ्याकडं दिलीत तर स्पष्ट सांगा, फॉरमॅट नको, अपग्रेड पाहिजे. आणि स्वतः करताना काय ठेवायचं असं विचारलं तर फाइल्स आणि ॲप्स दोन्ही ठेवा हा पर्याय निवडा. मशीन तीन-चार वेळा बंद-चालू होईल, टक्का एकाच जागी अडकल्यासारखा वाटेल, हात लावू नका, बटण दाबून बंद करू नका.

झालं. आता पहिल्या दिवशीचा वैताग

खालच्या पट्टीतली बटणं मधे गेलेली दिसतील. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स, तिथं अलाइनमेंट लेफ्ट करा, स्टार्ट परत डाव्या कोपऱ्यात येतं. त्याच पानावर बटणं एकत्र करायचं सेटिंग आहे, ते नेव्हर करा म्हणजे प्रत्येक खिडकीचं नाव पूर्ण दिसतं. २०२१ ला ११ आली तेव्हा ही सोय काढूनच टाकली होती, लोकांनी दोन वर्षं ओरड केली, २०२३ च्या शेवटी परत दिली. एकावेळी आठ पत्रिकांच्या फाइल्स उघड्या असतात तेव्हा नाव दिसणं किती गरजेचं आहे ते काम करणाऱ्यालाच कळतं, त्यामुळं ती सोय परत आल्याचा मला खराच आनंद झाला.

राइट क्लिक केल्यावर छोटा मेनू येतो. कॉपी, कट, रिनेम ही बटणं चित्रांच्या रूपात एका ओळीत असतात, नीट बघितलं की दिसतात. जुना लांबलचक मेनू शो मोअर ऑप्शन्सच्या खाली लपलाय, पण शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक केलं की तो सरळच येतो. एवढी एक सवय लावून घ्या, निम्मा त्रास गेला. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही, बदलून जुना मेनू कायमचा आणतात लोकं, पण नवख्यानं दुकानाच्या मशीनवर रजिस्ट्रीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वायफाय, आवाज, बॅटरी, सगळं आता एकाच बटणात, विंडोज आणि ए दाबलं की उघडतं. डावीकडचं बातम्या-हवामानाचं विजेट्स टास्कबारच्या सेटिंगमधनं बंद होतं. मधेच येणारं "तुमचा सेटअप पूर्ण करा" असलं पान बंद करायला सिस्टीम, नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळाला ॲडिशनल सेटिंग्ज, तिथल्या टिका काढा. पीडीएफ एज ब्राउझरमध्ये उघडायला लागल्या तर ॲप्समधल्या डिफॉल्ट ॲप्समध्ये डॉट पीडीएफ शोधून आपलं नेहमीचं निवडा.

प्रिंटरचं एक सेटिंग मात्र लई महत्त्वाचं. ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथं डिफॉल्ट प्रिंटर विंडोजनं सांभाळावा असं एक बटण आहे. ते चालू असलं की तुम्ही शेवटचं ज्यावर प्रिंट मारलं तोच डिफॉल्ट होतो. मग होतं काय, तुम्ही एक रंगीत प्रूफ काढता आणि पुढचं बिल पण तिकडंच जातं, चांगला आर्ट पेपर वाया. ते बंद करा आणि आपला प्रिंटर हातानं डिफॉल्ट करा.

जुन्या सरकारी साइट, ज्या इंटरनेट एक्सप्लोररशिवाय उघडत नव्हत्या, त्यांचं काय असं विचारतात. विंडोज ११ मध्ये एक्सप्लोरर नाहीच, पण एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझरच्या पानावर आयई मोडची परवानगी द्यायची सोय आहे, तिथं साइटचा पत्ता टाकायचा. तो ३० दिवसच राहतो, मग परत टाकावा लागतो.

डेस्कटॉप रिकामा झाला तर

सगळ्यात जास्त फोन याचे. रडवेल्या आवाजात. "भाऊ, सगळं गेलं." बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं आणि मधे आलेल्या बॅकअपच्या पानावर पुढं पुढं करत गेलं की वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स ठेवायची सोय, तुमचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर आपल्या फोल्डरच्या आत नेतो आणि इंटरनेटवर चढवायला लागतो. फुकट जागा फक्त ५ जीबी, आणि आमच्या कोरलच्या फाइल्सच ५० जीबीच्या, त्यामुळं जागा भरली जागा भरली म्हणून तो रोज ओरडतो.

अशा वेळी गडबडीत काहीही डिलीट करू नका. लोकं काय करतात, जागा मोकळी करायला मोबाईलवरनं वनड्राइव्ह उघडून फाइल्स उडवतात, त्यांना वाटतं कॉम्प्युटरवर तर आहेतच. नाही. ती एकच फाइल आहे, इथं उडवली की तिथली पण जाते. उडवलंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रीसायकल बिन असतो, त्यात ३० दिवस राहतात, तेवढ्यात परत आणा.

सरळ रस्ता असा. खाली घड्याळाजवळ ढगाचं चित्र आहे त्यावर क्लिक, गिअरचं चिन्ह, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप. तिथं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स एक एक बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हचं फोल्डर उघडा, त्यात डेस्कटॉप नावाचं फोल्डर असतं, आतलं सगळं उचलून आपल्या खऱ्या डेस्कटॉपवर आणा. ज्या फाइलवर नुसतं ढगाचं चिन्ह आहे ती अजून नेटवरच आहे, तिच्यावर राइट क्लिक करून कायम या मशीनवर ठेवा हा पर्याय द्या, हिरवी खूण येईपर्यंत थांबा आणि मगच हलवा. ज्याला चार-पाच कागदपत्रांसाठी वनड्राइव्ह पाहिजे त्यानं ठेवावं, वाईट नाही ते, पण काय चढवायचं ते आपण ठरवायचं.

मराठीचं

टायपिंगसाठी सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथं मराठी जोडा. मग तिच्या पर्यायांमध्ये इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे कीबोर्ड मिळतात, ज्यांना इंग्रजी अक्षरांवरनं मराठी लिहायची सवय आहे त्यांनी फोनेटिक घ्यावा. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

जुनी पत्रं मंगल फाँटमध्ये केलेली असतील आणि नव्यानं टाकलेल्या मशीनवर ती वेगळीच दिसायला लागली, ओळी सरकल्या, पान दोनाचं तीन झालं, तर फाइल बिघडलेली नाही. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फाँट आता सुरुवातीपासून येत नाहीत, देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स म्हणून ऑप्शनल फीचर्समधनं वेगळे घ्यावे लागतात. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ऑप्शनल फीचर्स टाकलं की सापडतं, दोन मिनिटांचं काम. एका शाळेतल्या क्लार्क मॅडमनी यासाठी सगळी दाखल्यांची पानं परत टाइप करायला घेतली होती, तिसऱ्या दिवशी मला कळलं.

परत जायची वाट

अपग्रेडनंतर १० दिवस तुम्ही विंडोज १० वर जसंच्या तसं परत जाऊ शकता. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. तुमच्या फाइल्स राहतात, फक्त अपग्रेडनंतर टाकलेली ॲप्स जातात. हे सगळं सी ड्राइव्हमधल्या विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरवर चालतं, ते २०-२५ जीबी सहज खातं आणि कुणीतरी शहाणा येऊन जागा मोकळी करायला म्हणून ते उडवतो, मग गो बॅकचं बटण चालत नाही. दहा दिवस त्याला हात नको, आणि डिस्क क्लीनअप चालवलंत तर प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन या नावापुढं टिक नको. मुदत कमांडनं ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते दहा दिवस संपायच्या आत करायचं, येत असेल अशाकडनं करून घ्या.

हे दहा दिवस नुसते जाऊ देऊ नका. पोटाच्या यादीतली प्रत्येक गोष्ट खरोखर करून बघा, नुसतं उघडतंय म्हणून सोडू नका. बिल छापा. डिजिटल सिग्नेचरनं एक कागद सही करा. गेल्या वर्षीची एक फाइल उघडा, बदल करा, सेव्ह करा, प्रिंट काढा. स्कॅनर लावा. मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा पितृपक्षात केलं, डोंगलचा नवा ड्रायव्हर आधी आणून ठेवला होता, आणि नवव्या दिवसाला कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवला होता. त्या दिवशी दुपारी मोठ्या लेझरवर जाड पेपरचं एक प्रिंट काढायचं राहिलं होतं ते काढलं, कडेला मार्जिन दोन मिलिमीटर सरकलेलं निघालं, ड्रायव्हरमध्ये पेपरचा साइज परत भरला, पुढची पाच प्रिंट बरोबर आली, आणि मग संध्याकाळी विंडोज डॉट ओल्ड काढून टाकलं.